एडीएचडी असलेला मुलगा रात्री २ पर्यंत जागा असतो, सकाळी उठत नाही, रूटीन कसं बसवायचं?

भुसावळकरीण
नमस्कार सगळ्यांना. मुलगा १६ चा आहे, ११वी सायन्स. आठवीत असताना एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही, चुळबुळ, विसरणं असा प्रकार) सांगितलं डॉक्टरांनी, तेव्हापासून गोळी चालू आहे (मिथाइलफेनिडेट), अभ्यासात फरक आहे, शाळेच्या तक्रारी बंद झाल्या, ते सगळं ठीक. पण झोप! रात्री १ - २ शिवाय डोळा लागत नाही. मोबाईल काढून घेतला तर म्हणे मोबाईलमुळे नाही गं आई, आणि खरंच मोबाईल नसला तरी तो पडल्या पडल्या कुस नि कुस बदलत राहतो, मग उठून काहीतरी उघडून बसतो, परवा रात्री दीड वाजता टेबल फॅन खोलून बसला होता. सकाळी ७ चा क्लास. उठवता उठवता माझा जीव जातो, एकदा तर झोपेतच मला हो हो म्हणत बसला आणि नंतर त्याला काही आठवतच नव्हतं. रविवारी दुपारी १२ शिवाय उठत नाही.

घरची परिस्थिती अशी की मिस्टर रेल्वेत रनिंगला (गाडीवरची ड्युटी) आहेत, ड्युटीचा काही नेम नाही, कधी रात्री २ ला कॉल येतो, कधी पहाटे घरी येतात, मग कुकर, दार, बूट, सगळं चालूच. त्यामुळे "घरात सगळ्यांनी १० ला लाईट बंद करा" हा सल्ला कृपया देऊ नका, आमच्याकडे होत नाही. टाइमटेबल करून भिंतीवर लावलं, दोन-चार दिवस चालतं मग त्याला ते दिसतच नाही. सासूबाई म्हणतात लाडावलाय. कोणाच्या घरी असं मूल आहे का, तुम्ही काय केलं ते सांगा.

शिरपूरकर_आप्पा
आमना टाईमले हाई काही नव्हतं. पोऱ्याले सुट्टीमा वावरमा घाला, निंदनी करू द्या, रातले नऊ वाजताच घोरी. मोबाईल आनि आईना लाड, दोनच रोग शेत.

धुळ्याचा_निशाचर
आप्पा, राग नका मानू पण मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे, कापूस वेचून आलो तरी रात्री १ ला टक्क जागा असायचो. मला १९ व्या वर्षी निदान झालं, आता २३ चा आहे.

ताई, पहिली गोष्ट, तुमचा मुलगा नाटक करत नाहीये. या वयात सगळ्याच पोरांचं शरीराचं घड्याळ मागे सरकतं, आणि एडीएचडीवाल्यांचं त्याहून मागे. झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं जे मेलाटोनिन असतं ना, ते एडीएचडी असलेल्या ज्या मोठ्या माणसांना झोप लागायला त्रास होतो त्यांच्यात जवळपास दीड तास उशिरा वाढायला लागतं असं अभ्यासात दिसलंय. म्हणजे तुम्ही त्याला १० ला झोप म्हणता तेव्हा त्याच्या अंगात साडेआठच वाजलेले असतात, कोणाला झोप येईल. वरून रात्रीच डोकं शांत होतं. दिवसभर हे कर ते कर, हे विसरला ते विसरला, आणि रात्री ११ नंतर कोणी काही बोलत नाही, तेव्हा जे काम दिवसभर जमलं नाही ते भराभर होतं. मला तर इंजिनिअरिंगचे सगळे सबमिशन रात्रीच सुचायचे, ते सोडून द्यायला मन होत नाही हो, खरं सांगतो.

म्हणून झोपायच्या वेळेवर भांडू नका, ते जमणारच नाही. उठायची वेळ पकडा. रोज एकाच वेळी उठवायचं, रविवारी फार तर तासभर उशीर. तुमच्याकडे रविवारी १२ आणि सोमवारी ६ असं चाललंय म्हणजे पोराला दर सोमवारी दुसऱ्या देशातून विमानाने येऊन क्लासला बसवल्यासारखं आहे. आणि उठल्या उठल्या उजेड, ट्यूबलाईटचा नाही, बाहेरचा. अर्धा तास बाहेर, चहा बाहेर, ब्रश बाहेर, काहीही करा पण आकाशाखाली. सकाळचा उजेड डोळ्यात गेला की ते घड्याळ हळूहळू पुढे येतं. एका दिवसात नाही, दोन-तीन आठवडे धरून चाला. पहिल्या आठवड्यात तो चिडणार कारण झोप कमी पडेल, तेव्हा सोडू नका.

मिस्टरांच्या ड्युटीचं म्हणाल तर त्याचं रूटीन घराच्या रूटीनला बांधूच नका. बाबा कधीही येवोत, त्याचा उजेड, नाश्ता आणि गोळी या तीन गोष्टींची वेळ बदलायची नाही. आणि फोन वाजतो त्या खोलीत त्याला झोपवू नका, जागा नसेल तर कानात घालायचे बोळे मिळतात, स्वस्त असतात.

टाइमटेबलचं पण तेच. भिंतीवरचा कागद आठवड्यात भिंत होऊन जातो आमच्यासाठी. वस्तू रस्त्यात ठेवायची. पाण्याची बाटली चपलेवर, दप्तर दाराला टेकवून, कपडे रात्रीच खुर्चीवर. अलार्म उठायचा तर लावतोच आपण, मी झोपायच्या तयारीचा पण लावतो, साडेदहाला, कारण ११ वाजले हे मला कळतच नाही, मला वाटतं आत्ता तर जेवलो.

केळीबागवाला
आप्पा म्हणता ते अर्धं खरं आहे, दिवसा अंग हललं तर झोपेला मदत होते, पण आमची आंडेर (मुलगी) पहा. १४ वर्षांची, बागेत घडाच्या गाडीमागे पळते, सायकल चालवते, आणि तरी १ वाजेपर्यंत जागी. तिचं तर आम्हाला एडीएचडी असेल असं वाटलंच नाही कारण धिंगाणा नाही, दंगा नाही, नुसती खिडकीबाहेर बघत बसायची, मास्तर म्हणायचे हुशार आहे पण लक्ष नाही. मुलींचं असंच राहून जातं म्हणे.

तिचं वेगळंच निघालं. ती म्हणायची पप्पा रात्री पायात काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. आम्हाला वाटलं पळून पळून पोटऱ्या दुखतात, आई रोज तेल लावायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन बरं होतं पण फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा एकदम खाली. त्यांनी लोहाचं औषध सुरू केलं, दोन-तीन महिन्यांनी पाय शांत झाले. एडीएचडीवाल्या पोरांमध्ये ही पायांची तक्रार जास्त दिसते असं त्यांनी सांगितलं. तुमचा पोरगा कुस बदलतो म्हणालात म्हणून लिहिलं, विचारून बघा त्याला. लोह मात्र मनाने देऊ नका, जास्त झालं तर वाईट. आणि घोरतो का तेही बघा, टॉन्सिल वाढलेले असले की झोप तुटते आणि दिवसा पोरगं एडीएचडीसारखंच वागतं.

अजून एक. मे महिन्यात आम्ही सगळे गच्चीवर झोपतो, तुम्हाला सांगायला नको ४५ च्या वर जातं इकडे, घरात स्लॅब रात्री १२ पर्यंत तापलेला. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, आठ-नऊला गाद्या टाकायच्या. त्या महिन्यात पोरगी आपोआप लवकर झोपायला लागली, मला वाटलं हवेमुळे. पण धुळ्याच्या भाऊंनी लिहिलं ते वाचून आता कळतंय, मे मध्ये पावणेसहाला उजाडतं आणि गच्चीवर तोंडावर उजेड येतो, पांघरूण कितीही ओढा. पावसाळ्यात खाली झोपायला आलो की परत १ वाजले.

औषधवाला_चोपडा
मी मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही, हे आधी लक्षात घ्या. ताई, दोन प्रश्न. गोळी साधी आहे की दिवसभर चालणारी, आणि तो किती वाजता घेतो? साधी ३-४ तास चालते, लांब चालणारी ८ ते १२ तास, कंपनीप्रमाणे. वेळेवरच सगळं आहे. दुसरं, चहा-कॉफी किती?

भुसावळकरीण
एवढे सगळे उत्तरं, खूप बरं वाटलं. गोळी दिवसभर चालणारीच आहे. सकाळी क्लासला उपाशी पळतो, गोळीने भूक जाते म्हणून जेवणानंतर द्या सांगितलं होतं, तर क्लासवरून आला की जेवण आणि मग गोळी, ११ वाजतात. शाळेत असताना ७ ला घ्यायचा, ११वी पासून क्लासची वेळ बदलली तसं हे झालं. कॉफी संध्याकाळी ७ ला अभ्यासाला बसताना, आणि मित्रांसोबत ते कॅनमधलं एनर्जी ड्रिंक पितो, किती ते देव जाणे. घोरत नाही. पायाचं विचारलं तर म्हणे "हो होतं तसं, मला वाटलं सगळ्यांनाच होतं".

औषधवाला_चोपडा
बरं, मग गणित करा. ११ ला घेतलेली १२ तासवाली रात्री ११ पर्यंत अंगात. कॅफिनचं असं आहे की निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात, ७ ची कॉफी म्हणजे रात्री १२ ला अर्धी शिल्लक. या दोघांवर तो २ ला झोपतोय हेच नवल. कॉफी दुपारनंतर बंद आणि एनर्जी ड्रिंक तर पूर्ण बंद, याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

पण गोळीची वेळ किंवा डोस तुम्ही बदलू नका, ज्यांनी लिहिली त्यांनाच ही ११ ची गोष्ट सांगा, त्यांना माहीतच नसेल. उलटंही असतं काही पोरांचं, संध्याकाळी औषध उतरलं की जास्त चिडचिड, जास्त उड्या, आणि त्यामुळे झोप नाही. तुमच्याकडे कोणतं आहे ते डॉक्टर ठरवतील. आठवडाभर वहीत लिहा, गोळी किती वाजता, कॉफी, कधी पडला, कधी झोप लागली, कधी उठला. हे नेलं की तपासणी लवकर उरकते.

महिन्याची गोळी संपायच्या आठवडाभर आधी चिठ्ठी घेऊन ठेवा. हे औषध शेड्यूल एक्स मध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं, चिठ्ठी दोन प्रतीत लागते, एक आम्हाला २ वर्षं सांभाळावी लागते, म्हणून सगळे मेडिकलवाले ठेवत नाहीत. गॅप पडला की झोपेचं पण वेळापत्रक उधळतं, आमच्याकडे येतात तसे लोक धावत, शनिवारी रात्री. आणि मेलाटोनिनच्या गोड गोळ्या ऑनलाईन मिळतात त्या मागवू नका परस्पर, कधी आणि किती यावरच सगळं असतं, झोपताना घेऊन काही होत नाही बऱ्याचदा. सर्दीचं सिरप झोपेसाठी देतात काही जण, ते तर अजिबात नको.

भुसावळहून जळगाव जवळ, तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजला मानसोपचार ओपीडी आहे, धुळ्यालाही आहे. रात्री अपरात्री कोणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, १४४१६, मराठीत बोलतात, पैसे नाही लागत.

शिरपूरकर_आप्पा
एनर्जी ड्रिंकवर बंदी घाला म्हणतो मी. नातू पण पितो ते. बाकी पायाचं मला पण होतं हो रातले, ६२ व्या वर्षी कुठे दाखवू?

केळीबागवाला
आप्पा, फिजिशियनला दाखवा, तुम्हाला पण रक्त तपासायला सांगतील.

धुळ्याचा_निशाचर
ताई ७ चा क्लास बदलता येतो का बघा. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते, ६ ला उठायचं तर १० ला झोपावं लागेल आणि ते याच्या घड्याळात बसत नाही लगेच. डिसेंबरात तर सात वाजेपर्यंत ऊनच नसतं, उजेड कुठून आणणार. दुपारची बॅच मिळाली तर ७ ला उठणं, ऊन, नाश्ता, डॉक्टर हो म्हणाले तर साडेसातला गोळी, सगळं सरळ होतं. फक्त मग दुपारी जेवून झोपायचं नाही, आपल्याकडे उन्हाळ्यात अख्खं घर ४ पर्यंत आडवं असतं आणि पोरगं दोन तास ताणून देतं, रात्रीचं वाटोळं. झोप आलीच तर २०-२५ मिनिटं, ३ च्या आत.

आणि त्याला विचारून करा हे सगळं, १६ चा आहे. माझ्या आईने माझ्या नकळत वायफायचा पासवर्ड बदलला होता, मी मोबाईलचा डेटा वापरला.

भुसावळकरीण
क्लासच्या सरांना फोन केला, दुपारच्या बॅचला जागा आहे पण फिजिक्सचे सर दुसरे आहेत, मुलगा म्हणतो चालेल. डॉक्टरांची वेळ गुरुवारी घेतली, वही मीच करतो म्हणाला, मोबाईलमध्ये, असू द्या. पायाचं आणि रक्ताचं पण विचारते. मिस्टर म्हणाले रात्री कॉल यायचा असला की मी बाहेरच्या खोलीत झोपत जाईन. फक्त गच्चीचं जमणार नाही, आमच्या क्वार्टरच्या गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही.

केळीबागवाला
पूर्वेची खिडकी असेल तर तिथे त्याची खाट सरकवा आणि पडदा काढून टाका. मच्छरदाणी मात्र लावा, नाहीतर तो परत २ ला मच्छर मारत बसेल.