मदत हवी आहे : जुना डिझेल ट्रक सकाळी सुरू व्हायला रडवतोय

नमस्कार मंडळी. वडिलांच्या वेळचा सहा टायरी ट्रक आहे. सहा सिलिंडर, जुन्या पद्धतीचा मेकॅनिकल पंप, सेन्सर-बिन्सर काही नाही. मोहोळकडचा कांदा भरून सोलापूर मार्केट यार्डात नेतो. यंदा गाडी मी बघतोय, इंजिनातलं फार कळत नाही, सांभाळून घ्या.

रात्री उभी केली की सकाळी दहा-बारा सेल्फ मारावे लागतात. पहिल्या चार-पाच सेल्फला सायलेन्सरमधून धूरच नाही. मग पांढरा धूर येतो, दोन-तीन सिलिंडर फटफटतात आणि एकदम उचलते. एकदा लागली की दिवसभर अर्ध्या सेल्फला सुरू. ओढायला तक्रार नाही. थंडीमुळे म्हणावं तर सोलापूरची थंडी ती, दहा वाजता घाम येतो.

दोन्ही बॅटऱ्या नव्या टाकल्या, सेल्फ जोरात फिरतो. डिझेल फिल्टर बदलले. मिस्त्री म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. परवा त्याने एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरून सुरू केली, असा आवाज आला की मी लांब पळालो.

एक गंमत, टाकी फुल्ल असली की त्रास कमी होतो. हा योगायोग का?

प्रतिसाद
मालक, योगायोग कसला, तिथंच तर उत्तर आहे! इंजिनाला हात लावू देऊ नका आणि तो पेट्रोलचा बोळा आधी बंद करा, पिस्टन फुटेल.

सेल्फ फिरतोय आणि धूर नाही, म्हणजे डिझेल नोझलपर्यंत, म्हणजे सिलिंडरात ते फवारणाऱ्या तोंडापर्यंत, पोचतच नाही. रिंगा जाऊन कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) गेलं असतं तर पहिल्या सेल्फपासून पांढरा धूर दिसला असता. (गरम असताना लगेच लागते यावर जाऊ नका, ते दोन्हीकडे बसतं.) गाडी डिझेलच्या लाइनीत कुठंतरी एअर (हवा) घेतेय. रात्रभरात लाइनीतलं डिझेल टाकीत उतरतं. टाकी भरलेली असली की पातळी वर राहते, म्हणून उतरत नाही.

टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) ही ओढणारी बाजू. तिथली गळती बाहेर थेंब दाखवत नाही, फक्त हवा आत घेते, त्यामुळे कोरडा पाइप बघून फसू नका. रबरी पाइप क्लिपाखाली चिरतो. पाणी साचायच्या काचेच्या वाटीचं वॉशर, फीड पंपाचा व्हॉल्व्ह, हाताने डिझेल चढवायच्या हातपंपाचं सील, सगळं बघा.

आधी फुकटातली परीक्षा : सकाळी सेल्फ न मारता हातपंप घट्ट लागेपर्यंत मारा, मगच सेल्फ. लगेच लागली तर दुसऱ्या रात्री पाच लिटरचा कॅन पंपापेक्षा उंच बांधा आणि फीड पंपाला पाइप थेट त्यातून द्या. तरीही त्रास झाला तर फीड पंप किंवा त्याच्या पुढची बाजू धरा. आणि हो, इंजिन बंद करायची स्टॉपची केबल पूर्ण मागे जाते ना, तेही एकदा बघा. तिनं मला एकदा दोन दिवस वेड लावलं होतं.

मूळ धागाकर्ता
हातपंप तीसेक वेळा मारला, पहिल्याच सेल्फला लागली! काल कॅन कॅबिनला बांधला, आज परत पहिल्याच सेल्फला लागली. पाइप काढला तर क्लिपाखाली नखाएवढी चीर. नवा आणतोय. बँजो बोल्टचे (डिझेल पाइप जोडायचे पोकळ बोल्ट) कॉपर वॉशर भाजून, मऊ करून परत वापरले तर चालतील का, का नवेच घेऊ?