मोटर दुरुस्त करणाऱ्या मुलाला विज्ञानात किती गुण द्यायचे?

जांबोटीरोड_बाई
मी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलला दहावीचं विज्ञान शिकवते. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, ८० गुण लेखी, २० अंतर्गत. प्रश्न त्या २० गुणांचा आहे. बहुतेक ठिकाणी उपक्रम म्हणजे चार्ट. मोठ्या बहिणीने काढून दिलेलं हृदयाचं चित्र, त्यावर चमकी, आणि गुण सगळ्यांना जवळपास सारखेच.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. शेतातली मोटर बंद पडली की घरचे आधी त्याला हाक मारतात. पेपरात मात्र ओहमच्या नियमावर दीड ओळ लिहितो. त्याच बाकावरची मुलगी नियम घडाघडा म्हणते, गणितं सोडवते, पण बल्ब सेलला जोड म्हटलं की हात मागे घेते. दोघांना नेमकं काय कळलंय ते मला बघायचंय. पट ५२ आहे. तुम्ही काय काय करता?

निपाणीचे_सर (निवृत्त)
बाई, दोघांना एकच काम द्या. दोन सेल आणि टॉर्चचे दोन सारखे बल्ब एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडायचे. बल्ब जुने, तारेवाले हवेत. एलईडी चालत नाही, ती उलटी जोडली तर पेटतच नाही. सर्किट पुरं करण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: कुठला बल्ब जास्त उजळेल आणि का? मग जोडायचं, बघायचं, आणि चिठ्ठीच्या मागे लिहायचं.

नियम तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा हमखास लिहितात की पहिला बल्ब जास्त उजळेल, कारण करंट आधी तिथं पोचतो आणि थोडा संपतो. ही समजूत लेखी पेपरात कधी दिसत नाही, कारण तिथं सूत्र घातलं की उत्तर येतं. दोन्ही बल्ब सारखे उजळले की मुलं थबकतात. कधी एक जरा मंद दिसतो. तेव्हा बल्बांची अदलाबदल करून बघायला सुचतं का, तिकडे लक्ष ठेवा. मंदपणा बल्बाबरोबर सरकला तर दोष बल्बाचा, जागेचा नव्हे. हे ज्याला आपणहून सुचलं, त्याला माझ्याकडे सगळ्यात जास्त गुण. अंदाज चुकला म्हणून एकही गुण कापू नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळे शेजाऱ्याची चिठ्ठी बघून लिहितील.

येळ्ळूरहून
सरांशी सहमत. मी आम्ल-आम्लारीला तीन बाटल्या ठेवते, लेबल न लावता: लिंबाचा रस, चुन्याची निवळी, मिठाचं पाणी. सोबत हळदीचा कागद आणि जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी. हळद निवळीत लाल होते, पण लिंबात आणि मिठाच्या पाण्यात पिवळीच राहते. मुलगा तिथंच थांबून "दोन्ही आम्ल" म्हणतो, की जास्वंदीकडे वळतो? लिंबाने ती गडद गुलाबी होते, निवळीने हिरवी. ते बघूनच मला कळतं.

लिहायला अडणाऱ्या मुलांना मी तोंडी विचारते. रोज पाच जण, प्रत्येकी दोन मिनिटं, बाकीचे वहीत काम करत असताना. आणि बोलू दे त्यांना घरच्या भाषेत. "बाई, रंग बदलूलाय" म्हणाला तरी निरीक्षण बरोबरच आहे.

जांबोटीरोड_बाई
चिठ्ठ्यांची कल्पना फार आवडली. पण तपासणीला आले की पुरावा मागतात. चार्ट दाखवता येतो, तोंडी उत्तर कसं दाखवायचं?

येळ्ळूरहून
पटाच्या रजिस्टरमागे चार रकाने आखून घ्या: अंदाजाला कारण दिलं का, निरीक्षण नीट नोंदवलं का, मत बदललं का, स्वतःचा प्रश्न विचारला का. तारीख आणि मुलाचं एखादं वाक्य, त्याच्याच शब्दांत. हे निकष मुलांना आधीच फळ्यावर लिहून दाखवा. चिठ्ठ्या मुलागणिक फाईलला लावा. तीन महिन्यांनी एकाच मुलाच्या चिठ्ठ्या ओळीने वाचल्या की तपासणाऱ्यालाही फरक दिसतो, पालकांनाही.

निपाणीचे_सर (निवृत्त)
आणि त्या मुलाला विचारा: मोटरचा लोड वाढला की वायर का तापते? तो काय सांगेल ते इथं लिहा. ऐकायचंय मला.

जांबोटीरोड_बाई
सोमवारी विचारते सर. बल्ब खडेबाजारात मिळतात का, शनिवारी बघून येते.