तीन गोल करणाऱ्या बॉबी चार्ल्टन यांना १९६६चा बॅलन डी'ऑर कसा मिळाला?

मध्यरेषा:
नमस्कार. १९६६च्या फुटबॉल विश्वचषकात पोर्तुगालच्या युसेबिओ यांनी ९ गोल केले आणि इंग्लंडच्या चार्ल्टन यांनी ३. अंतिम सामन्यात तर एकही नाही. तरीही युरोपातील पत्रकारांनी त्या वर्षीचा बॅलन डी'ऑर, म्हणजे युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, चार्ल्टन यांना दिला, तोही ८१ विरुद्ध ८० अशा एका गुणाच्या फरकाने. केवळ इंग्लंड जिंकले म्हणून असे झाले असेल, हे मला पटत नाही. जुने सामने बारकाईने पाहिलेल्यांनी कृपया सांगावे.

डावखुरा:
चार्ल्टन हे आघाडीला थांबून गोलची संधी शोधणारे खेळाडू नव्हते. ते मधल्या फळीतून चेंडू घेऊन वर येत. उरुग्वेविरुद्धची सलामीची लढत गोलशून्य सुटल्यामुळे यजमान इंग्लंडवर दडपण होते. मेक्सिकोविरुद्ध चार्ल्टन मध्यरेषेजवळून चेंडू घेऊन निघाले, समोरचे बचावपटू मागे मागे सरकत गेले, आणि बऱ्याच लांबून त्यांनी उजव्या पायाने मारलेला फटका थेट जाळीत गेला. तो गोल मी कितीदा पाहिला असेल, याची गणती नाही. उपांत्य फेरीत युसेबिओंच्याच पोर्तुगालवर इंग्लंडने २-१ अशी मात केली, तेव्हा दोन्ही गोल चार्ल्टन यांचे होते. युसेबिओंना केवळ पेनल्टीवर गोल करता आला. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने २० वर्षांच्या बेकेनबाउअर यांना चार्ल्टन यांच्या मागावर ठेवले. त्या स्पर्धेत ४ गोल केलेला हा तरुण चार्ल्टनना अडवण्यातच गुंतून पडला. त्या सामन्यात इंग्लंडच्या हर्स्ट यांनी केलेल्या ३ गोलांइतकेच मी याला महत्त्व देतो.

जुना प्रेक्षक:
डावखुरा यांच्या म्हणण्याला १९७०च्या विश्वचषकात मेक्सिकोतील लिओन येथे पश्चिम जर्मनीविरुद्ध झालेल्या उपांत्यपूर्व सामन्याची जोड द्यावीशी वाटते. इंग्लंड २-० ने पुढे असताना बेकेनबाउअर यांनी एक गोल फेडला आणि लगेच प्रशिक्षक रॅमसे यांनी चार्ल्टनना बाहेर बोलावले. इंग्लंड जादा वेळेत ३-२ असे हरले. चार्ल्टन यांचा १०६ वा आणि अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना तोच ठरला, याची हळहळ मला आजही वाटते.

मध्यरेषा:
मनापासून आभार. म्युनिकच्या अपघाताचा त्यांच्या खेळावर काही परिणाम झाला होता का?

जुना प्रेक्षक:
६ फेब्रुवारी १९५८ रोजी ते २० वर्षांचे होते. बेलग्रेडहून परतताना त्यांच्या मँचेस्टर युनायटेड क्लबचे विमान म्युनिकला इंधनासाठी थांबले आणि धावपट्टीवरील बर्फाळ चिखलातून तिसऱ्यांदा उड्डाण करताना कोसळले. २३ जण गेले, त्यांपैकी ८ युनायटेडचे खेळाडू होते. त्यापूर्वी विमानात चार्ल्टन यांनी ज्यांच्याशी जागा बदलली होती, ते सहकारी वाचले नाहीत. दहा वर्षांनी लंडनच्या वेम्बलीवर पोर्तुगालच्या बेनफिका क्लबला ४-१ असे हरवून युनायटेडने युरोपातील क्लबांचा युरोपियन चषक जिंकला. त्या सामन्यात कर्णधार चार्ल्टन यांनी २ गोल केले, पण रात्रीच्या मेजवानीला ते जाऊ शकले नाहीत. थकव्याने गळून ते हॉटेलातील खोलीतच पडून राहिले.