आजीची जुनी कॅसेट फेसबुकवर टाकायचीय, ऑडिओ अपलोडच होत नाहीये, मदत करा

मालवणी_मिरची

नमस्कार मंडळी, इथे बरेच टेक्निकल लोक आहेत म्हणून विचारते. गेल्या महिन्यात कणकवलीजवळच्या आमच्या घरी माळा साफ करताना एका पत्र्याच्या पेटीत चार कॅसेट सापडल्या. माझे मोठे मामा कुवेतला होते, सालमियात एसी मेकॅनिक, तर तेव्हा फोन परवडायचे नाहीत आणि आजीला लिहिता यायचं नाही, म्हणून आजी टेपवर बोलायची आणि कोणी तिकडे जाणारा असला की कोकम, कुळथाचं पीठ आणि कॅसेट असं सगळं एकत्र त्याच्याकडे द्यायचे. मामा ऐकून त्याच कॅसेटवर स्वतःचं भरून परत पाठवायचे. म्हणजे आधीचं पुसलं जायचं!! हे आईने सांगितलं तेव्हा मला रडूच आलं, पण त्यांचं म्हणणं कॅसेट काय फुकट यायची का.

तर चारपैकी एकीला बुरशी, दोघींवर मामांचा आवाज, आणि एकीवर पूर्ण एक बाजू आजी. आजी जाऊन ११ वर्षं झाली. "बाबू, जेवतस मां रे वेळार?" इथून सुरुवात होते आणि मग ती जी सुटते ती थांबतच नाही, म्हशीने कुंपण मोडल्याचं सांगते, नागपंचमी काल झाली म्हणते, मागे रेडिओ चालू, कोंबड्या, मधेच एसटीचा हॉर्न. मी शेजाऱ्यांचा टेप आणून त्यापुढे मोबाईल धरून रेकॉर्ड केलं, पण आवाज बादलीतून आल्यासारखा येतोय आणि मधे मधे गायबच होतो. शिवाय फेसबुकवर एमपी३ टाकायला गेले तर घेतच नाही, फोटो नाहीतर व्हिडिओच मागतं. इन्स्टाचं पण तेच. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर (६३ मेंबर 🙈) पण टाकायचंय. कसं करू? ठाण्यात कोणी नीट करून देत असेल तर तेही सांगा.

टेपवेडा_सांगली

ताई आधी एक काम करा, ती कॅसेट परत परत वाजवणं बंद करा. जुना टेप कधी फीत गिळेल सांगता येत नाही. बुरशीवाली तर अजिबात घालू नका, एकीची बुरशी हेडवरून (टेपमधला फीत घासून जाते तो भाग) दुसरीला लागते.

मोबाईल पुढे धरून होत नाही कारण फोनचा माईक माणूस बोलतोय असं समजून बाकी सगळं गोंगाट म्हणून दाबतो, तुमच्या कोंबड्या, एसटी आणि आजींचा हळू झालेला आवाज सगळं त्यात जातं. वायरने घ्या. टेपच्या हेडफोनच्या भोकातून साधी ऑक्स केबल लॅपटॉपला. हल्लीच्या लॅपटॉपला एकच भोक असतं आणि त्यात ऑक्स सरळ चालत नाही, तर एक यूएसबी साउंड कार्ड घ्या, स्वस्तात मिळतं. टेपचं हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, तपकिरी घाण निघेल ती बघून थक्क व्हाल. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून मगच वाजवा. मग लॅपटॉपवर ऑडॅसिटी, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. मोनोत (एकाच चॅनेलमध्ये) घ्या, ४४१०० हर्ट्झवर, वेव्ह फाईल. सी-६० (दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटांची) असेल तर एका बाजूची ३० मिनिटं म्हणजे जवळपास १६० एमबी होतील. ही मूळ फाईल, हिला हात लावायचा नाही, दोन ठिकाणी कॉपी करून ठेवायची. तिच्यापासून ६४ केबीपीएसची एमपी३ काढली की १४-१५ एमबीत बसते, बोलण्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

फेसबुकचं म्हणाल तर त्यांना नुसता आवाज कधी झेपलाच नाही, २०२१ मध्ये पॉडकास्ट वगैरे गाजावाजा करून आणले आणि पुढच्या वर्षी गुंडाळले. त्यामुळे आजींचा एक फोटो घ्या, इनशॉट किंवा विंडोजमधल्या क्लिपचॅम्पमध्ये त्याखाली आवाज लावा, झाला व्हिडिओ. इन्स्टाची रील तीन मिनिटांपर्यंत चालते. आणि खाली मराठीत अक्षरं टाका, मालवणी सगळ्यांना कळत नाही आणि निम्मे लोक आवाज बंद ठेवून बघतात.

ग्रुपवर पाठवताना ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जशी आहे तशी जाते.

घाटावरचा

६३ मेंबरच्या ग्रुपवर अर्ध्या तासाची ऑडिओ 😂 आमच्याकडे ४० सेकंदांच्या वर कोणी ऐकत नाही ओ, सगळे दोनच्या स्पीडला टाकतात आणि खाली 🙏🙏. आजी दोनच्या स्पीडला कशी वाटेल विचार करा.

नाशिकची_निमा

मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. आमच्या घरी असाच एक प्रकार झालाय. माझ्या सासऱ्यांना टायपिंग जमत नाही, चष्मा लावून एक एक अक्षर शोधत बसायचे, त्यामुळे व्हॉईस मेसेज आला तेव्हापासून ते त्यावरच. कांद्याला भाव पडला होता तेव्हा एका नातेवाइकाला वैतागून काहीतरी बोलले, दोन शिव्या पण होत्या, आपल्या माणसाशी बोलतो तसं. त्या पोराने त्यातले ८ सेकंद कापले, खाली ढोलकी लावली आणि ग्रुपवर टाकलं गंमत म्हणून. आठ दिवसांत ते आमच्याच भाजीवाल्याच्या मोबाईलवर वाजत होतं. मला परत आलं तेव्हा वर डबल बाण, खूप वेळा फॉरवर्ड झालेलं. तो शिक्का लागला की एका वेळी एकाच चॅटला पुढे जातं म्हणतात, पण तोपर्यंत जायचं ते गेलेलंच असतं ना. सासरे काही बोलले नाहीत. फक्त त्यानंतर त्यांनी आजपर्यंत एकही व्हॉईस मेसेज पाठवलेला नाही, आता फोन करतात नाहीतर गप्प बसतात.

म्हणून विचारते, तुम्ही ती पूर्ण ३० मिनिटं ऐकलीत का? आजी त्यात कोणाबद्दल काय बोलल्यात?

मालवणी_मिरची

@टेपवेडा दादा खूप खूप आभार, साउंड कार्ड मागवलं. @घाटावरचा 😡😂

@निमा ताई खरं सांगू का, तेव्हा सुरुवातीची दहाच मिनिटं ऐकली होती. तुमचं वाचून काल रात्री हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकली. एके ठिकाणी ती धाकट्या मामींबद्दल बोलते, नवीन लग्न होऊन आल्या होत्या तेव्हा, आणि जे बोलते ते अजिबात चांगलं नाहीये. मामी आता साठीच्या आहेत, ग्रुपवर आहेत, आणि आजीचं शेवटचं सगळं त्यांनीच केलं, आठ महिने अंथरुणाला होती. पुढे शेजाऱ्यांच्या बांधाचं पण आहे नाव घेऊन, त्यावरून पुढे कोर्टकचेरी झाली. बरं झालं पाठवली नव्हती. शिवाय रेडिओवर एक हिंदी गाणं जवळजवळ पूर्ण वाजतं मागे, त्याचं काही होईल का?

कायद्याचा_कीस

गाण्याचं होईल. तुम्ही मुद्दाम लावलं नाही हे मशीनला कळत नाही, फेसबुक किंवा युट्यूब ते गाणं ओळखतं आणि तेवढा भाग म्यूट करतं नाहीतर व्हिडिओच अडवतं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनापासून ६० वर्षं, त्यामुळे त्या काळचं फिल्मी गाणं अजून कंपनीचंच. तेवढा भाग वगळा.

बाकी आजींच्या बोलण्याचा हक्क कायद्याने वारसांकडे वगैरे, ते इथे कोणी विचारणार नाही. पण मला यात कायद्यापेक्षा सरळ गोष्ट दिसते, ते पत्र आहे. दुसऱ्याचं पत्र. ज्याच्या नावाने आहे ते मामा हयात आहेत ना? मग त्यांना विचारलंत का, की फेसबुकला आधी विचारलंत?

टेपवेडा_सांगली

रेडिओ आहे हे आधी सांगायचं ना! बातम्यांच्या आधीचे ते पीप पीप ऐकू येतात का बघा. ते बरोबर एकेका सेकंदाने पडतात. जुन्या टेपचा पट्टा सैल झाला की टेप हळू फिरतो आणि आवाज भरडा होतो, मग आपल्याला वाटतं आजीचा आवाज असाच होता. ऑडॅसिटीत दोन पीपमधलं अंतर मोजा. १.०४ सेकंद आलं तर टेप चार टक्के हळू आहे, चेंज स्पीडमध्ये तेवढा वाढवा, टेम्पो नको, स्पीडच, म्हणजे आवाजाची पट्टी पण जागेवर येते. मी वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेटला हे केलं होतं आणि वडील एकदम पंधरा वर्षांनी तरुण झाले.

गल्फरिटर्न

उशिरा येतोय धाग्यावर. मी स्वतः १९८४ ते ९७ मस्कतला होतो, आम्ही रूममध्ये नऊ जण, टेप एक. कोणाची कॅसेट आली की बाकीच्यांनी बाहेर जायचं असा नियम होता, पण खरं सांगतो बाहेर उभं राहून सगळे ऐकायचेच. एकाची आई रडायची कॅसेटवर तेव्हा आम्ही बाहेर सगळे पत्ते टाकून बसायचो. आणि ऐकून झालं की पुसायचंच हो, बाईंची आई बरोबर सांगते. म्हणून तर माझ्याकडे एकही नाही.

पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. कॅसेट कुवेतची ना? ऐकून झाल्यावर मामांनी त्यावर स्वतःचं भरून परत पाठवायला हवं होतं. मग पूर्ण एक बाजू आजीच कशी राहिली? आणि ती गावच्या पेटीत कशी? नागपंचमी काल झाली म्हणते ती कुठल्या वर्षीची? बातम्या ऐकू येत असतील तर नीट ऐका. मामांनी ही ऐकलीय का हो नक्की?

मालवणी_मिरची

@गल्फरिटर्न काका तुमचा मेसेज वाचून हातपाय गार पडले, लगेच आईला फोन लावला.

१९९० ची आहे. आईला तेव्हा लक्षातच आलं नव्हतं, विचारल्यावर आठवलं. आजीने जुलैच्या शेवटी भरली, गावातला एकजण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कुवेतला परत जाणार होता, त्याच्याकडे द्यायची होती. २ ऑगस्टला इराक कुवेतमध्ये घुसलं. तो गेलाच नाही. आणि मग घरात दीड महिना कोणालाच काही शुद्ध नव्हती, मामांचा पत्ता नाही, फोन नाही, आजी रोज रेडिओला कान लावून. मामा बसने बगदादवरून अम्मानला आले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला, सप्टेंबरच्या मध्यात कधीतरी. तेव्हा त्या विमानांनी पावणेदोन लाखांच्या आसपास लोक आणले म्हणतात, आमच्या घरी मात्र "बाबू इलो" एवढीच बातमी. माणूसच दारात आला म्हटल्यावर कॅसेट कोण ऐकवणार. कोणीतरी पेटीत टाकली, ती काल-परवापर्यंत तिथेच.

त्यात शेवटी ती विचारते "चवथीक येतलस मां? पैशे धाडू नको, तू ये." त्या वर्षीची चवथ (गणेश चतुर्थी) ऑगस्टच्या शेवटी होती. मामा तेव्हा बगदादच्या अलीकडे की पलीकडे कुणास ठाऊक.

शनिवारी मामांकडे जातेय डोंबिवलीला. तोपर्यंत कुठेच काही टाकत नाही.

घाटावरचा

माझी वरची कमेंट काढता येत असेल तर काढा ऍडमिन. सॉरी ताई.

नाशिकची_निमा

एकट्यांना ऐकू द्या. सगळे मोबाईल काढून शूटिंग करत बसू नका, तो "रिअ‍ॅक्शन व्हिडिओ" तर नकोच नको.

मालवणी_मिरची

अपडेट देते, बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये विचारलं.

मोबाईल कोणीच काढला नाही. लॅपटॉप लावून दिला आणि आम्ही स्वयंपाकघरात. भिंत पातळ आहे, त्यामुळे काकांच्या रूमसारखंच झालं 🙂 म्हशीच्या वेळी मामा मोठ्याने हसले. धाकट्या मामींचा भाग मी आधी कापणार होते, पण त्यांचं पत्र आहे, पूर्णच दिलं. शेवटचा भाग त्यांनी परत लावला, किती वेळा ते मोजलं नाही.

मग बाहेर येऊन चहा घेतला आणि म्हणाले, "म्हशीचा टाक फेसबुकार. बाकीचा रवांदे." मी म्हटलं ग्रुपवर? तर म्हणे, "म्हशीचाच." मूळ फाईल पेनड्राइव्हवर त्यांनी घेतली, कॅसेट पण मागून घेतली, आता त्यांच्या कपाटात आहे.

तर आता म्हशीचे १ मिनिट ५२ सेकंद. पीप मोजले, टेप तीन टक्के हळू होता, आता आजी आजीसारखी वाटते, आईने लगेच ओळखलं फरक. गाणं त्या भागात नाही. फक्त मागे सर्रर्र आवाज आहे सतत, नॉइज रिडक्शन मारलं तर कोंबड्या पाण्याखाली गेल्यासारख्या वाटतात. किती ठेवू?

टेपवेडा_सांगली

थोडंच ठेवा. ६ डीबीच्या वर जाऊ नका, सर्रर्र थोडी राहू द्या, कोंबड्या वाचतील. आणि ते कपाट वगैरे ठीक, पण कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात बघा, त्या अजून शाबूत आहेत का? असतील तर मामांना आजच फोन करून स्क्रूड्रायव्हरने तोडायला सांगा. नाहीतर कोणीतरी चुकून रेकॉर्ड दाबेल.

मालवणी_मिरची

केला फोन. एक आधीच तुटलेली होती आणि त्यावर सेलोटेप चिकटवलेली होती, म्हणजे कोणीतरी मुद्दाम परत भरायला चिकटवली असणार. मामा म्हणाले "मियाच." काढली आता.