मदत हवी आहे: आमच्या भागाचे आमदार, १९६७ पासून आजपर्यंत

चाळकरी
मंडळाच्या स्मरणिकेत आपल्या भागाच्या सगळ्या आमदारांची यादी द्यायची आहे. मजकूर परवा छापखान्यात जातोय. २००९ नंतरची नावं मिळाली, त्यामागे गेलं की नुसता घोळ. एकच माणूस २००४ ला एका मतदारसंघात, २००९ ला दुसऱ्याच. कुणाकडे सरळ यादी असेल तर टाका, प्लीज.

परळची_काकू
अरे, भाग कुठला ते तर सांग!

चाळकरी
लालबाग.

साचेवाला
म्हणजे आत्ताचा शिवडी, क्रमांक १८३. २००९ ला मनसेचे बाळा नांदगावकर, २०१४ पासून तिन्ही वेळा अजय चौधरी. घोळ आहे तो २००८ च्या पुनर्रचनेचा. शहरातल्या जागा १७ वरून १० वर आल्या, उपनगरातल्या १७ च्या २६ झाल्या. परळ, माझगाव, दादर हे मतदारसंघच गेले. नांदगावकर आधी माझगावचे, १९९५ ला भुजबळांना त्यांनी तिथेच पाडलं. सचिन अहिर २००४ ला शिवडीतून, २००९ ला वरळीतून. तेव्हा जुन्या शिवडीची नावं डोळे मिटून लालबागच्या नावावर चढवू नका.

जागरूक_मतदार
यादीत नाव नसेल तर फॉर्म ६ भरा. ऑनलाइनही होतो.

चाळकरी
माझं नाव आहे हो यादीत. आमदारांची यादी हवी आहे.

सीफेस
इतकं मागे कशाला जाता? १९९० पासून टाका. स्मरणिकेत लोक जाहिराती आणि फोटो बघतात.

साचेवाला
अजिबात नाही. १९७० गाळून परळबद्दल लिहिणार काय? १९६७ ला भाकपचे कृष्णा देसाई निवडून आले, ५ जून १९७० ला त्यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि वामनराव महाडिक जिंकले. शिवसेनेचे पहिले आमदार ते. माझे वडील गिरणीत होते. तो विषय निघाला की आमच्या घरात अजून आवाज चढतात.

परळची_काकू
गिरण्या गेल्या, आता टॉवरवाल्यांच्या गाड्यांमुळे आम्हाला गल्लीतून चालता येत नाही. त्यावर लिहा कुणीतरी.

साचेवाला
काकू, त्यावर वेगळा धागा काढा ना. चाळकरी, घरात कुणाचं २००८ आधीचं मतदार ओळखपत्र आहे का, याच पत्त्याचं? मागच्या बाजूला मतदारसंघाचं नाव असतं. १९७८ ते २००४ हद्दी त्याच होत्या, म्हणजे एका कार्डावर सात निवडणुका सुटतात. मग निवडणूक आयोगाच्या साइटवर त्या-त्या वर्षाचा सांख्यिकी अहवाल उघडून नाव उतरवून घ्या.

चाळकरी
आईचं कार्ड मिळालं! लॅमिनेशन पिवळं पडलंय, पण मागे ‘परळ’ स्वच्छ वाचता येतं. सात नावं आज रात्रीच काढतो. पण १९६७ आणि १९७२ च्या हद्दी वेगळ्या असणार ना? लालबागचं मतदान तेव्हाही परळमध्येच व्हायचं का? त्या वेळी मत दिलेलं कुणी इथे आहे का?