मदत हवी आहे: काचेच्या कड्यांचं झुंबर मूळ कुणी बनवलं, हे कसं शोधायचं?

मंदवात
नमस्कार. घरात एक जुनं झुंबर आहे. काचेच्या कड्या एकमेकींत अडकवून वरून खाली सोडल्या आहेत, आत दिवे. रंगकाम चालू असताना शिडीचा धक्का बसला आणि खालच्या काही कड्या फुटल्या. मला तशाच कड्या हव्यात. पण मूळ बनवणारा कोण हे कळल्याशिवाय त्या मागवायच्या कुणाकडे? लेबल नाही. फोटो टाकून शोधलं तर जगातली सगळी झुंबरं समोर येतात. रंगाचं काम संपत आलंय, झुंबर परत टांगायचं की नाही ते ठरवायचंय. कुणाला माहीत असेल तर कृपया लवकर सांगा.

गोलघुमट
फोटो कुठे आहे? कडीचा आकार, जाडी, रंग? वरची चौकट पितळी आहे की लोखंडी? "जुनं" म्हणजे किती जुनं? एवढ्या माहितीवर कुणी काय सांगणार?

विजेरी
आधी होल्डर बघा, ते बरंच काही सांगतात. आट्यांचा असेल तर ई-14 की ई-27 ते पाहा. तो आकडा म्हणजे बल्बच्या टोपीचा मिलिमीटरमधला व्यास. दोन पिनांचा असेल तर बी-22, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचा. त्यावरून देश कळेल.

मंदवात
दोन पिनांचेच आहेत. मग ब्रिटिश कंपनी धरून चालू का? कड्या पारदर्शक आहेत, चौकट चकचकीत पांढऱ्या धातूची. फोटो रात्री टाकते.

काचकाम
नका धरू. झुंबर ज्या देशात गेलं तिथले होल्डर त्याला बसवले जातात, आणि जुन्या दिव्यात सगळ्यात आधी बदलला जाणारा भाग होल्डरच असतो. त्यावरचा शिक्का होल्डर बनवणाऱ्याचा असतो, झुंबर बनवणाऱ्याचा नाही. विजेरीकाका, तुमचा मुद्दा वायरिंगचं वय काढायला चांगला आहे. वायरीवर सुती वेष्टण असेल तर ती जुनी, प्लॅस्टिकचं असेल तर नंतरची. पण तेही फक्त वायरीचं वय.

विजेरी
वायर बदलली की होल्डर बदलला हे उघडून बघणाऱ्याला लगेच कळतं. चौकटीला जादा भोकं पडलेली असतात, स्क्रू वेगळे असतात. मी एवढी वर्षं हेच काम केलंय. होल्डर मूळचा असेल तर माझं म्हणणं बरोबरच आहे.

पहाटवारा
साधे बल्ब असतील तर आधी एलईडी लावा. साधा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो, आणि ती उष्णता वर होल्डर आणि वायरीत साठते. पिवळसर प्रकाशासाठी 2700 केल्विनचे घ्या, काच छान दिसते. पांढरे लावले तर सगळी मजा जाईल.

मंदवात
पहाटवारा, धन्यवाद, पण मला बल्ब नकोयत, कड्या हव्यात!

गोलघुमट
पारदर्शक आणि जड काच म्हणजे बोहेमियन क्रिस्टल, चेक प्रदेशातलं. आमच्याकडे होतं तसं एक, त्यावर "मेड इन चेकोस्लोव्हाकिया" असा कागद चिकटवलेला होता. तो देश 1918 ते 1992 एवढाच, म्हणजे झुंबर कधीचं तेही आपोआप समजलं. तुमचंही तिथलंच असणार. कडीवर नखाने टिचकी मारा. शिशाची काच असेल तर घुंगरासारखा आवाज रेंगाळतो.

काचकाम
गोलघुमट, कागदाचा मुद्दा अगदी बरोबर. तसाच "वेस्टर्न जर्मनी" छापलेला कागद 1949 ते 1990 मधला. पण हे कागद पहिल्याच धुण्यात निघून जातात, त्यामुळे छताला टेकणाऱ्या वाटीच्या आत आणि चौकटीच्या वरच्या, धूळ खाणाऱ्या बाजूला गोंदाचा डाग शोधायचा. बोहेमियन म्हणायला मात्र मी तयार नाही. तिकडची खासियत कापीव काच. थंड झालेल्या काचेला चाकावर धरून पैलू पाडायचे, आणि त्याला शिशाची जड काच सोयीची. इटलीतल्या मुरानो बेटावरची काच सोड्याची, बराच वेळ मऊ राहणारी, तापलेली असतानाच ओढून वळवायची. मंदवात, तुमच्या कड्यांना पैलू आहेत की त्या गुळगुळीत गोल आहेत?

मंदवात
गुळगुळीत. कुठेही पैलू नाहीत. टिचकीचा आवाज फार रेंगाळत नाही.

निळीशाई
अतिनील टॉर्च घ्या! अंधारात धरा, काच हिरवी चमकली तर त्यात युरेनियम आहे. मी माझ्या सगळ्या काचेवर हे करून बघितलंय, एक रकाबी काय उजळली म्हणून सांगू.

गोलघुमट
युरेनियमची काच मुळातच पिवळी-हिरवी दिसते, ह्यांची पारदर्शक आहे. आणि मँगेनीज असलं तरी काच फिकट हिरवी चमकते. त्यातून बनवणारा कसा कळणार?

निळीशाई
बनवणारा कळेल असं मी म्हटलंच नाही. निदान काचेत काय आहे ते तरी कळेल.

काचकाम
टॉर्च राहू द्या. मला एकच गोष्ट हवी आहे आणि ती अजून कुणी विचारली नाही. मंदवात, एक कडी दुसरीत कशी अडकली आहे? कडी पूर्ण बंद आहे की एका जागी उघडी? दोन कड्यांमध्ये धातूची तार किंवा पिन आहे का?

मंदवात
उघडी आहे. आकड्यासारखी. एकीच्या उघड्या तोंडातून दुसरी आत जाते. तार, पिन काही नाही, काच काचेलाच लटकते. धातू फक्त वरच्या चौकटीला. हे महत्त्वाचं आहे का? सगळ्या झुंबरांत असंच असेल असं मला वाटलं होतं.

काचकाम
फार महत्त्वाचं आहे! बहुतेक झुंबरांत काचेला भोक पाडून तारेच्या आकड्याने टांगतात. काचेनेच काचेला धरायचं, आणि तेही एकाच आकाराचा तुकडा पुन्हा पुन्हा वापरून, ही कल्पना आंजेलो मांजारोत्ती या इटालियन वास्तुविशारदाची. दिव्याचं नाव जोगाली, वर्ष 1967, बनवणारी कंपनी विस्तोसी. ही मुरानोतली, 1945 साली सुरू झालेली. मला हा माणूस अतिशय आवडतो. इमारतींसाठी त्याने कारखान्यात आधी तयार करून जागेवर जोडायचे काँक्रीटचे भाग बनवले. 1971 मधल्या एरोस मेजात संगमरवरी पाय फळीच्या भोकात नुसता बसवला, स्क्रू नाही, गोंद नाही, फळीच्या वजनानेच सांधा घट्ट. तुमच्या झुंबरात नेमकी तीच बुद्धी चालली आहे. कडी स्वतःच्या वजनाने खालच्या जागेला बसते. म्हणून नाव कागदावर शोधण्याआधी जोड बघायचा. लेबल गळून जातं, जोड जात नाही.

आणि तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे जोगाली विस्तोसी अजूनही बनवते.

विजेरी
थांबा, थांबा. एवढ्या प्रसिद्ध रचनेची नक्कल कुणी केली नसेल? आकडा दिसला की लगेच विस्तोसी? मग होल्डरवरून देश सांगणाऱ्या माझं काय चुकलं होतं?

काचकाम
बरोबर बोललात, नक्कल असू शकते. म्हणून "रचना मांजारोत्तीची" हे मी ठामपणे म्हणतो, "तुमचा नग विस्तोसीचाच" हे अजून नाही. मंदवात, कडी उजेडात धरून कडेने बोट फिरवा. एका सरळ रेषेत बारीक शिवण लागली तर ती साच्यात दाबलेली काच. मग चार-पाच कड्या शेजारी ठेवा. मूळ कड्या हाताने केलेल्या असतात, त्यामुळे जाडीत आणि वळणात थोडाफार फरक दिसायला हवा. सगळ्या तंतोतंत सारख्या असतील तर मला शंका येईल.

मंदवात
शिवण नाही लागली. एक कडी बाकीच्यांपेक्षा जरा जाड आहे, एकीच्या आत हवेचा बारीक बुडबुडा आहे. तो दोष समजून ती कडी आम्ही नेहमी मागच्या बाजूला फिरवून ठेवायचो. फोटो टाकलेत, बघा.

गोलघुमट
फोटो बघितले. बोहेमियन नाही, मान्य. पण चौकट खूपच साधी वाटते.

काचकाम
चौकट साधीच असायची, तिचं काम फक्त धरायचं. सगळा देखावा काचेचा. फोटो पाहून माझा विश्वास वाढला आहे, तरी शेवटचं कंपनीलाच विचारा. पत्रात "माझं झुंबर ओळखा" एवढंच लिहू नका. एका अख्ख्या कडीचा फोटो पट्टीशेजारी ठेवून, तिची उंची, रुंदी, काचेची जाडी, उघड्या तोंडाचं अंतर, ग्रॅममधलं वजन, चौकटीची मापं आणि टांगायच्या जागांचा फोटो पाठवा. फुटलेले तुकडे टाकू नका, रंगाची छटा जुळवायला लागतील. नवी कडी तोंडाच्या अंतरात जरा जरी चुकली तरी जुनीत बसणार नाही.

पहाटवारा
हो, आणि परत टांगताना वीज बंद करून टांगा.

विजेरी
फक्त बटण नाही, मेन स्विच. आणि छताचा आकडा वजन पेलतोय का ते काच चढवण्याआधी बघा, नंतर नाही. रिकामी चौकट आधी टांगा, मग कड्या वरून खाली, समोरासमोरच्या बाजूंनी जोडीजोडीने, म्हणजे चौकट एकीकडे कलणार नाही.

मंदवात
रिकामी चौकट टांगून ठेवते, कड्या कापडात गुंडाळून खोक्यात. मापं घेऊन आजच पत्र पाठवते. काचकाम, विजेरीकाका, दोघांचेही मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं: पत्रात जाड कडीचं माप द्यायचं की बारीक?

काचकाम
दोन्हींचं द्या. आणि बुडबुडेवाल्या कडीचा फोटो जरूर लावा.

झुळूक
माझ्याकडेही असंच एक आहे, पण त्यात कड्या नाहीत, काचेच्या चकत्या आहेत आणि प्रत्येकीला भोक. ते पण विस्तोसीचंच का?

गोलघुमट
फोटो? मापं? चकत्या टांगल्यात कशाने?