20 महिन्यांच्या मुलीला नेमकं किती जेवण पुरतं? घरात रोज वाद (इंदूर)

सुदामानगरची_आई

नमस्कार मंडळी, विषय जुनाच आहे पण आमच्याकडे आता तो रोज ताटावर येतोय म्हणून लिहिते. मुलगी 20 महिन्यांची, वजन 10 किलो 100 ग्रॅम, उंची 81 सेंमी. पळते, बडबडते, दिवसभर घर डोक्यावर घेते, पण जेवण म्हटलं की तोंड फिरवते. सकाळी उठल्यावर बाटलीने दूध 180 मिली, मग आमच्याबरोबर पोहे, म्हणजे खरं तर पोह्यांवरची सेव वेचून खाते आणि पोहे खालीच राहतात, 11 वाजता परत दूध कारण काही खाल्लं नाही म्हणून सासूबाईंना चैन पडत नाही, दुपारी वरणभाताचे चार-पाच घास तेही मोबाइलवर गाणी लावून आणि मी वाटी घेऊन गॅलरीतून जिना, जिन्यातून परत हॉल अशी वरात. चार वाजता दूध-बिस्कीट, रात्री पोळी कुस्करून, नाही खाल्ली की झोपताना बाटली. दुधात एक चमचा साखर, नाहीतर पीत नाही.

सासूबाई म्हणतात पोर वाळत चाललंय. खालच्या मजल्यावरचा मुलगा हिच्याच वयाचा, तो दोन पोळ्या खातो असं त्याची आजी सांगते. मला फक्त एवढंच सांगा की या वयाला एका वेळी किती जेवण म्हणजे पुरेसं? वाटीत, चमच्यात कसंही सांगा. आणि घरातला स्वयंपाक सगळा तिखट, हिच्यासाठी वेगळं काय करू?

गिलकीची_भाजी

दोन पोळ्या?? त्या फुलक्या असतील नाहीतर आजी कौतुकाने सांगत असतील, मनावर घेऊ नकोस 😄

माझा आता साडेतीन वर्षांचा आहे. आमच्या डॉक्टरांनी सोपं सांगितलं होतं, वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा, मोठा म्हणजे 15 मिलीचा, आणि तो प्रत्येक पदार्थाचा वेगळा. म्हणजे तुझ्या लेकीला दोन चमचे भात, दोन चमचे घट्ट वरण, एक-दोन चमचे भाजी, पाव पोळी. हे एवढंसंच वाढायचं आणि तिने मागितलं की परत वाढायचं. मोठ्यांच्या ताटाएवढा ढीग बघून मुलं आधीच नाही म्हणतात आणि आपल्याला पण वाटतं अर्धं टाकलं. खरं तर तिने तिच्यापुरतं खाल्लेलं असतं.

डाएटवाली_काकू

मी बरीच वर्षं एका दवाखान्यात आहार विभागात काम केलं, आता निवृत्त. ताई, तू जेवणाचं विचारलंस पण मला तुझ्या पोस्टमध्ये जेवणाआधी दूध दिसलं, तेच मोजूया.

180 च्या चार बाटल्या म्हणजे 720 मिली. फुल क्रीम थैलीचं दूध असेल तर 100 मिलीला साधारण 85 कॅलरी धर, म्हणजे दुधातूनच 600 च्या वर गेली, वर चार चमचे साखरेच्या आणखी 80. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशोबाने 1 ते 3 वर्षांच्या मुलाची दिवसभराची गरजच 1000 च्या आसपास असते. उरल्या तीनशे, त्यात बिस्किटं आणि सेव. मग वरणभाताला भूक कुठून आणायची पोरीने? ती खात नाही असं नाही, ती पितेय.

आणि प्रश्न नुसत्या कॅलरीचा नाही. दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय त्यातल्या कॅल्शियममुळे दुसऱ्या अन्नातलं लोहसुद्धा कमी शोषलं जातं. वजन बरं दिसणारी, गुबगुबीत, बाटलीवर वाढलेली मुलं रक्त तपासलं की हिमोग्लोबिन खाली, हे मी किती वेळा बघितलंय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांपैकी 67 टक्के मुलांना अॅनिमिया निघाला होता, म्हणजे ही फक्त गरिबाघरची गोष्ट नव्हे. दूध दिवसाला 400 ते 500 मिली पुरे, दही-ताक त्यातच धरून. आणि बाटलीतून नाही, फुलपात्रातून. झोपताना गोड दुधाची बाटली तोंडात राहिली की पुढचे दात किडतात ते वेगळंच.

वजनाचं म्हणशील तर डब्ल्यूएचओच्या तक्त्यात 20 महिन्यांच्या मुलीचं मधलं वजन साडेदहा किलोच्या थोडं वर आहे, तुझी 10.1 म्हणजे अगदी व्यवस्थित. पहिल्या वर्षात बाळ जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूक पण मंदावते. आजीला वाटतं पोर वाळलं, पण ते नुसतं लांब होत असतं.

हट्टी_बाबा

काकूंचं दुधाचं पटलं. पण "मागेल तेवढंच द्या" हे मला कधीच जमलं नाही हो. आमचा मागायचाच नाही, भुकेने चिडचिड करेल पण खाणार नाही. थोडी जबरदस्ती केल्याशिवाय मुलं खात नाहीत, आपण सगळे असेच वाढलो ना? आईने नाक दाबून भरवलंय मला.

आणि वर चमच्याचा हिशोब दिलाय, पण अंगणवाडीच्या ताई तर पाऊण ते एक वाटी म्हणतात. दोन चमचे कुठे आणि वाटी कुठे, खरं काय मानायचं?

डाएटवाली_काकू

दोन्ही खरं आहे, भाऊ. चमच्याचा हिशोब पहिल्या वाढपाचा. वाटीचा हिशोब डब्ल्यूएचओ-युनिसेफचा, 1 ते 2 वर्षांच्या मुलाला एका जेवणात पाऊण ते एक वाटी, पण ती वाटी 250 मिलीची, आणि त्यात भात-वरण-भाजी-तूप सगळं मिळून कालवलेलं. दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ. आता आपल्या घरातल्या वाट्या बघा, आमटीची वाटी वेगळी, पंगतीची वेगळी, खिरीची वेगळी. औषधाच्या मापाने पाणी ओतून एकदा घरची वाटी मोजा, बऱ्याच जणींची 120-150 ची निघते. दोन-दोन चमचे चार पदार्थ वाढले आणि त्यातलं काही परत मागितलं की बेरीज दीडशे-दोनशेला पोचतेच. एखाद्या जेवणाला नाही पोचली तर संध्याकाळी पोचते. दिवसाचं किंवा खरं तर आठवड्याचं धरा, एका ताटाचं नाही.

जबरदस्तीबद्दल. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी यावर फार काम केलंय, त्यांची मांडणी अशी की काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, काय खायचं ते मूल ठरवतं, सेव, बिस्कीट, आणि किती ते आपण. नाक दाबून भरवलेलं मूल पोट भरल्याची खूणच विसरतं. तुम्ही चांगले वाढलात हे खरं, पण आता ताटात किती घ्यायचं हे तुम्हाला कळतं का ते तुमच्या मिसेसना विचारा 😊

हट्टी_बाबा

विचारलं. उत्तर इथे लिहिता येणार नाही.

रामबागचे_आजोबा

आम्ही आजी-आजोबा पार्टीतर्फे दोन शब्द. सासूबाईंवर फार राग धरू नका, आमच्या वेळी मूल आजारी पडलं की अंगावर मांस असलेलं तगायचं ही भीती खरी होती, ती अजून हातात आहे. त्यांना "दूध बंद" म्हणू नका, त्यांना काम द्या. आमच्याकडे सुनेने हेच केलं. 11 च्या दुधाच्या जागी काय द्यायचं ते तुम्ही ठरवा असं सौ.ला सांगितलं आणि सौ. जोरात, कधी राजगिऱ्याचा लाडू कुस्करून, कधी केळं, कधी थुली. थुली माहीत नसेल बाहेरच्यांना, आपल्या माळव्यातला गव्हाचा दलिया हो, तुपावर भाजून पाण्यात मऊ शिजवायचा, दही घाला नाहीतर वरण घाला, पोर स्वतः चमच्याने खाऊ शकतं एवढा घट्ट ठेवायचा.

सेव मात्र बंद कशी करणार, इंदूरात राहून? पानीपुरीपासून पोह्यापर्यंत सगळ्यावर पडते ती. आमच्या घरी आता उपाय एवढाच की पोह्यांवर सेव आणि जीरावण (इथला पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) ज्याने त्याने आपापल्या बशीत घ्यायचं, कढईत किंवा सगळ्यांच्या वर भुरभुरायचं नाही. दिसलीच नाही तर मागत नाही.

पुण्यात_अडकलेली_इंदूरकर

आजोबा 🙏 थुली वाचून भूक लागली.

ताई, पोह्यांत एक गोष्ट कोणी बोललं नाही ती मी बोलते, शेंगदाणे! अख्खा शेंगदाणा, फुटाणा, पॉपकॉर्न, अख्खं द्राक्ष, कच्च्या गाजराचा तुकडा हे इतक्या लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतं, चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे द्यायचेच नाहीत. आणि तुमची वरात चालू असते ना वाटी घेऊन, पळता पळता खाणाऱ्याला हा धोका जास्त. दाण्याचं कूट मस्त, कुटाला काही अडचण नाही. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे.

तिखटाचं माझं असं, फोडणी एकच पण मिरची शेवटी. गिलकी असो, दुधी असो, मेथी-मुगाची डाळ असो, हिंग-जिरं-हळद घालून शिजवायची, तिची वाटी काढून घ्यायची, मग उरलेल्यावर तिखट-मिठाची वेगळी फोडणी. वेगळा स्वयंपाक नाही करायचा, तो दोन महिन्यांत कंटाळा येऊन सुटतो. मीठ पण तिच्या वाटीत किंचित. ब्रिटनमध्ये 1 ते 3 वर्षांसाठी दिवसाला 2 ग्रॅम ही वरची मर्यादा सांगतात, म्हणजे चहाच्या चमच्याचा साधारण तिसरा हिस्सा, आणि ते पूर्ण दिवसाचं, लोणचं-पापड-नमकीन सगळं धरून.

आणि सध्या कणसं मिळत असतील तर भुट्ट्याचा कीस कर ना! कोवळं कणीस किसणीवर किसायचं, फार निबर नको नाहीतर सालं राहतात, तुपात जिरं-हिंग, मंद आचेवर कीस परतायचा, मग थोडं थोडं दूध घालत हलवत राहायचं, आधी तो पातळ सैल दिसतो, मग आळत येतो आणि कडेने तूप सुटायला लागलं की झाला. वरून लिंबू. दूध जातं पोटात, चावायला मऊ, अख्खा दाणा नाही, आणि सराफ्यातला, म्हणजे आपल्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीतला, आहे म्हटल्यावर घरात सगळे खातात 😋 मोठ्यांसाठी हिरवी मिरची वरून.

सुदामानगरची_आई

बापरे किती छान सांगितलंत सगळ्यांनी, 720 चा हिशोब मी नवऱ्याला वाचून दाखवला, तो कॅल्क्युलेटर घेऊन बसला. सासूबाईंना आजोबांची पोस्ट दाखवली, त्या म्हणाल्या "हे बरोबर बोलतायत" 😅 अंडं मात्र आमच्याकडे चालत नाही, मग लोह कशातून? आणि बाटली एकदम बंद केली तर रात्रभर रडेल हो, कसं करू? मोबाइल पण सुटला पाहिजे.

डाएटवाली_काकू

बाटली एकदम नको. आधी 11 ची काढ, ती सवयीची आहे, भुकेची नाही. मग बाकीच्यांत दर दोन-तीन दिवसांनी 30 मिली कमी करत जा, साखर पण चिमटीचिमटीने. दूध कमी करायचं, पाणी घालून पातळ नको करू, आणि दोन वर्षांच्या आत स्किम्ड-टोन्डच्या मागे पण लागू नको, या वयाला चरबी लागते, मेंदूची वाढ चालू असते. झोपतानाची बाटली शेवटी, ती जेवणाबरोबर फुलपात्रात आणायची आणि मग दात पुसून झोप. दोन-तीन रात्री तमाशा होईल, होऊ दे, घरातल्या सगळ्यांनी आधी ठरवून घ्या, नाहीतर एक जण काढतो आणि दुसरा गुपचूप देतो.

लोह शाकाहारात कमी शोषलं जातं म्हणून त्याला लिंबू, आवळा, संत्रं, टोमॅटो यांची जोड दे. वरणावर लिंबू पिळलं की काम झालं. डाळी, मटकी, राजगिरा, मेथी, अळीव दुधाऐवजी नारळाबरोबर लाडवात, लोखंडी कढईत भाजी. चहाचा घोट अजिबात नाही, आपल्याकडे बशीत ओतून लाडाने देतात, त्यातलं टॅनिन लोह अडवतं. पॅकबंद ज्यूस पण नको, बालरोगतज्ज्ञांची संघटना आयएपी दोन वर्षांखाली ज्यूस देऊच नका म्हणते, फळ हातात द्या. अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमातलं लोहाचं सिरप मिळतं, 6 महिने ते 5 वर्षं, आठवड्यातून दोनदा 1 मिली. जरूर घे, विचारून घे.

नवीन भाजी एकदा थुंकली म्हणून यादीतून काढू नको, काही मुलांना आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. आवडीच्या पदार्थाशेजारी एक चमचा ठेवायची, गप्प बसायचं. मोबाइल जेवणाच्या खोलीतच नको, तुमचेही. तिला सगळ्यांबरोबर खाली बसवा, वीस मिनिटं, सांडलं तर सांडू दे, मग ताट उचला, पुढच्या वेळेपर्यंत पाणी सोडून काही नाही.

आणि डॉक्टरांना कधी दाखवायचं तेही सांगते. अंगणवाडीच्या त्या कार्डावर मुलींचा गुलाबी तक्ता असतो, दर महिन्याला वजनाचा ठिपका मांड. रेघ आपली आपली वर जात असेल तर निश्चिंत राहा. सलग दोन-तीन महिने आडवी झाली किंवा खाली वळली, पोर फिकट दिसतंय, खेळायचं सोडून पडून राहतंय, माती-खडू-भिंतीचा चुना खातंय, किंवा मऊ सोडून घट्ट काही गिळतच नाही, तर मग घरगुती उपाय नको, बालरोगतज्ज्ञ आणि रक्त तपासणी.

गिलकीची_भाजी

काकू, जंताचं औषध राहिलं. वर्षानंतर सहा महिन्यांनी देतात ना?

डाएटवाली_काकू

हो, अल्बेंडाझोल. 1 ते 2 वर्षांना अर्धी गोळी, 200 मिलिग्रॅम, चुरून पाण्यात, दोनच्या पुढे पूर्ण 400 ची. 10 फेब्रुवारीला जंतनाशक दिवस असतो तेव्हा अंगणवाडीत फुकट देतात, त्या दिवशी पोर तापाने आजारी असेल तर थांबायचं आणि नंतरच्या फेरीत घ्यायचं.